धुतलेलं घोंगडं

माझ्या धाकट्या जावेला मळकी वस्तू दिसली की तिचे हात शिवशिवायचे. सुकन्या तिचं नाव. बारामतीत वाढलेली, बारावी शिकलेली, बाप एसटीत कंडक्टर. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं माझी पितळी कळशी चिंच-मिठानं घासून अशी काही केली, की शेजारच्या भामाबाई येऊन म्हणल्या, "नवी घेतली व्हय गं, ठमे?" मला राग आला. कळशी आदी काळी होती, खोटं कशाला बोलू. पण तो काळेपणा माझा होता.

भवानीनगरला साखर कारखान्याच्या क्वार्टरात आमी राहायचो. माझे मालक झुंबर कारखान्यात बॉयलरवर, दीर रविराज बारामतीला एमआयडीसीत. दोन खोल्या, मागं न्हाणी, पुढं पत्र्याची पडवी. एवढ्या जागेत दोन जावा म्हंजे एका म्यानात दोन तलवारी, असं लोक म्हणायचे. तसं काही झालं न्हाय. मी बडबडायचे आन् ती घासायची.

पेपरात बायकांच्या पानावर जे छापून यायचं ते तिला तोंडपाठ. आरसा ओल्या पेपरानं पुसायचा. जोडवी दातांच्या पावडरीनं. करपलेल्या पातेल्यात कांद्याची सालं उकळायची. शाईच्या डागाला दूध. तांदळात कडुलिंबाचा पाला. निम्म्या युक्त्या लागू पडायच्या, हे मी कबूल करते. निम्म्या अंगावर यायच्या. साखरेला मुंग्या लागू नयेत म्हणून तिनं डब्यात मूठभर लवंगा टाकल्या, तर आठवडाभर आमी चहा पीत होतो का दाढदुखीचं औषध, ते कळंना.

एक गोष्ट मात्र तिला मी शिकवली. गळीत हंगाम सुरू झाला की चिमणीतनं काळी काजळी उडून दोरीवरच्या कपड्यांवर पडते. नवी बाई लगेच हातानं झटकाय जाते आन् पांढऱ्या सदऱ्यावर काळी रेघ उठते ती जन्मात निघत न्हाय. ओल्यावर हात लावायचाच न्हाय. वाळू द्यायचं, मग नुसती फुंकर बास होती. सुकन्यानं इचारलं, "अक्का, हे कुठं वाचलंत?" मी म्हणलं, "हितल्या बायका वाचत न्हाईत, भोगत्यात."

आता सासऱ्यांचं सांगते. तात्याबा त्यांचं नाव, आमी सुना त्यास्नी मामा म्हणायचो. जन्म मेंढरामागं गेला त्यांचा. आत्या, म्हंजे सासूबाई म्हाळसा, वारल्या त्याच साली मामा पोटाच्या ऑपरेशनला दवाखान्यात होते, तवा माझ्या मालकांनी सगळी मेंढरं इकून टाकली. राखायला माणूस नव्हता, इकावी लागणारच होती. पण बापाला न सांगता. मामा अंथुर्ण्याला घरी आले, मेंढरांच्या रिकाम्या वाड्यात उभं राहिले, आन् एक शब्द बोलले न्हाईत. मी मालकांना तोंडावर इचारलं, सांगायला काय जीभ झिजत होती का. त्यावर तेबी बोलले न्हाईत. बापलेक दोघं एकाच मुशीतले. मामा तितंच रानात पत्र्याच्या खोलीत एकटे राहायला लागले, आन् त्या गोष्टीवर घरात कुणी तोंड उघडलं न्हाय.

त्यानंतर दोन-तीन वर्सांनी पौषात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. एका डोळ्याचा काढला, त्याच्यावर हिरवी पट्टी. दुसऱ्यातला पिकायचा होता, त्यातनं उजेड-अंधार तेवढा कळायचा. डॉक्टरनं बजावलं, धुळीत जायचं न्हाय, वाकायचं न्हाय, औषधाचे थेंब चुकवायचे न्हाईत, अंथरूण-पांघरूण स्वच्छ ठेवायचं. म्हणून रविराजनं त्यास्नी आमच्याकडं आणलं. येताना मामांनी एकच वस्तू संगं घेतली. घोंगडं.

ते घोंगडं आमच्या आत्यांनी कातलेल्या लोकरीचं. काळंभोर, जाड, उभं केलं तर उभं राहील असं कडक. एका कोपऱ्याला बोट जाईल एवढं भोक, कधीतरी शेकोटीची ठिणगी पडली होती त्याचं. आन् वास. मेंढरं, लेंड्या, धूर, पाऊस, सगळं त्यात मुरलेलं. पडवीत टाकलं तरी आतल्या खोलीत कळायचं, मामा आले म्हणून. आमच्यात घोंगडं धूत न्हाईत. उन्हात टाकायचं, काठीनं बडवायचं, झालं. साबण दाखवायचा न्हाय त्याला. हे कुणी कुणाला सांगत न्हाय, कारण सांगायची पाळीच येत न्हाय. सुकन्या आमच्याच जातीतली, पण तिच्या घरात सोलापुरी चादरी.

मी कऱ्हाटीला भाच्याच्या साखरपुड्याला गेले होते. त्याच दिवशी रविराज मामांना बारामतीला तपासणीला घेऊन गेला. सांजच्याला परत यायचं म्हणून मामा घोंगडं न घेता गेले, आन् डॉक्टरनं म्हणलं, दोन दिस बारामतीतच राहा. राहिले सुकन्याच्या माहेरी.

हिला तेवढंच पायजे होतं.

मी कऱ्हाटीहून आले तर दोरीवर घोंगडं. दोरीला झोळ पडलेला. मी पिशवी खाली ठेवली आन् तितंच पायरीवर बसले.

"अक्का, पाणी बघायला हवं होतंत तुम्ही," सुकन्या हौसेनं सांगत होती. "नुसतं काळं. चार बादल्या गरम पाणी लागलं. आधी पावडरीत भिजवलं, मग लिंबाच्या साली घातल्या वासासाठी. आणि ते भोक होतं ना, माझ्या स्वेटरची लोकर उरलेली होती, ती घालून रफू केलं. बघा, कळतंय का कुठं होतं ते."

कळत नव्हतं. हात लागला तर घोंगडं मऊ, ओल्या पोळीसारखं लोंबणारं. गरम पाण्यानं आटून वीतभर आखूड झालेलं. वासाला लिंबू. घडीत घालायला डांबरगोळ्या हातात घेऊन ती उभी होती.

"कुणी सांगितलं होतं तुला?" मी म्हणलं.

"डॉक्टरांनीच सांगितलंय ना, स्वच्छ ठेवा म्हणून."

डॉक्टरनं तसं म्हणलं होतंच. पोरगी खोटं बोलत नव्हती. मी एवढंच म्हणलं, "त्या गोळ्या तेवढ्या घालू नगंस."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मामा आले. पडवीत त्यांची जागा होती भिंतीकडंला. बसले, हात फिरवला, घोंगडं हाताला लागलं. दोन बोटांत धरून चुरगाळलं. नाकापाशी नेलं. मग कोपरा चाचपला, दुसरा कोपरा, तिसरा, चौथा. आमी सगळी उभी होतो.

"हे कुणाचं?" म्हणले.

"तुमचंच हाय, तात्या," माझे मालक म्हणले.

"माजं कुठं हाय?"

सुकन्या पुढं झाली. "मामा, मी धुतलं ते. भोकही शिवलं. तुमचंच आहे."

मामांनी तिच्याकडं तोंड वळवलं. "घोंगडं धुत्यात व्हय कुठं?" असं अगदी सादं इचारलं त्यांनी. रागवले असते तर बरं झालं असतं. त्यांचा इश्वासच बसत नव्हता. आपल्या घरातली सून घोंगडं धुईल हे त्यांच्या डोक्यात शिरण्यातलं न्हवतं. त्यापरीस दुसरी गोष्ट लगेच शिरली.

"मी दवाखान्यात गेलो की तुमी काय तरी इकताच," म्हणले.

माझ्या मालकांनी मान खाली घातली. रविराज काहीबाही समजावत राहिला. मामांनी ते घोंगडं हातानं लांब सारलं आन् भिंतीला टेकून बसले. चादर आणून दिली तर पायावरबी घेतली न्हाय. थोड्या वेळानं सुकन्या डोळ्याचं औषध घेऊन आली, तर त्यांनी हात आडवा धरला.

"नगं. तुमी काय घालताय मला काय दिसतंय का?"

सुकन्या बाटली तशीच हातात धरून मागं सरली. घोंगडं गेलं खड्ड्यात. पण थेंब चुकले की डोळ्यात पू होतो, मग केलेलं ऑपरेशन मातीत, हे डॉक्टरनं आमच्या देखत सांगितलं होतं. सकाळी पुन्हा हात आडवा. भामाबाईंना बोलावलं, त्यांच्याही हातचं घेतलं न्हाय. पट्टीच्या कडंनं बघितलं तर डोळा लाल दिसत होता. वर मामांचं चालू, "मला अंथुर्ण्याला सोडा. बाजाराच्या दिशी कुणाच्यातरी ट्रॉलीत बसतो." त्या फुफाट्यात, ट्रॉलीत. म्हंजे डोळा घालवूनच थांबायचं.

मालक आन् दीर कामावर गेले. पुरुष माणसांना हे बरं असतं, भोंगा झाला की निघायचं. सुकन्या न्हाणीत बसून रडत होती. मी काही तिला जवळ घेणाऱ्यातली न्हाय. म्हणलं, "आता रडून घोंगडं आणखी आटंल. ऊठ."

"अक्का, मला सगळ्या युक्त्या डाग काढायच्या येतात," ती म्हणली. "घालायची एकही येत नाही."

"मग शीक की."

पहिलं म्हंजे कडकपणा. घोंगडं इणलं की त्याला चिंचोक्याची खळ लावत्यात, हे माझ्या लहानपणी मी कऱ्हाटीला घोंगडी इणणाऱ्या सनगराच्या दारात बघितलं होतं. गरम पाण्यानं तीच खळ धुऊन निघाली होती. आता चिंचोके कुठनं आणायचे? गल्लीतली पोरं चिंचोक्यांनी खेळायची. सुकन्या त्यांच्याकडनं लिमलेटच्या एका गोळीला मूठभर असा सौदा करून ओचा भरून घेऊन आली. भाजले, सालं काढली, भिजत घातले, पाट्यावर वाटले, शिजवले. अर्धा दिस त्यात गेला. घोंगडं खाटंवर ताणून कुंच्यानं दोन्ही अंगांनी खळ फासली. वर कारखान्याची काजळी पडत होतीच. सुकन्याचा हात झटकायला पुढं गेला आन् आपसूक मागं आला. मी बघितलं.

दुसरं ते भोक. तिनं इतकं नीट रफू केलं होतं की उसवताना तिच्याच जिवावर आलं. "चांगलं झालं होतं हो, अक्का," असं म्हणत ब्लेडनं एकेक टाका तोडत बसली. मला हसू येत होतं आन् तिची दयाबी येत होती. काम चांगलं झालं हाच तर त्या पोरीचा गुन्हा.

तिसरं, वास. तो काही पाट्यावर वाटून मिळत न्हाय. दिवाळीनंतर आमच्याकडले मेंढरांचे वाडे कोकणाकडं उतरत्यात, तालुका रिकामा होतो. पण कुणीतरी सांगितलं, अंथुर्ण्याच्या रस्त्याला बानूबाईचा वाडा मागं राहिलाय, एका शेतकऱ्यानं खताला रानात बसवून घेतलाय. उन्हं कलती झाली तशी मामांपाशी भामाबाईंना बसवलं आन् आमी दोघी निघालो. डोक्यावर घोंगड्याची गुंडाळी, ओलसरच. सुकन्या आयुष्यात पहिल्यांदा घोंगडं डोक्यावर घेऊन चालत होती, आन् तेबी असल्या कामाला.

बानूबाई कोकरं रातच्याला कोंडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं घोंगड्याचा वास घेतला आन् सुकन्याकडं खालनं वर बघितलं.

"लोक वास घालवाय बघत्यात," म्हणली. "तुमी लावाय आलाय व्हय?"

"हो," सुकन्या म्हणली. "एका रात्रीत लागेल का?"

"कोकरांखाली टाकते. कोकरं मुतत्यात, बाई. चालंल न्हवं?"

"चालेल," सुकन्या म्हणली. दोन-तीन दिसांमागं हिनंच ह्याच घोंगड्याला चार बादल्या पाणी घातलं होतं.

निघताना बानूबाईनं इचारलं, दुधाच्या कासंडीला वास धरतो, काय करावं. सुकन्याचा चेहरा दोन दिसांत पहिल्यांदा उजळला. मीठ लावून लिंबाच्या सालीनं घासा, गरम पाण्यानं खंगाळा, उन्हात पालथी घाला. बानूबाईनं नीट ऐकून घेतलं. मी म्हणलं, "बानूबाय, कासंडीलाच घालायचं लिंबू. घोंगड्याला न्हाय."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच जाऊन घोंगडं घेऊन आली. एसटीत तिच्या बाजूला कुणी बसलं न्हाय म्हणं. घरात पाऊल टाकायच्या आदी मला कळलं, आली म्हणून. मालकांची पहिली पाळी सुटली होती, ते दारात चप्पल काढत होते. रविराज रजा टाकून घरीच होता, डॉक्टरला काय सांगायचं ह्या घोरात.

सुकन्यानं घोंगडं मामांच्या मांडीवर ठेवलं. काही बोलली न्हाय. मीच तिला सांगून ठेवलं होतं, तोंड उघडू नगंस म्हणून.

मामांनी पहिल्यांदा कडा दाबून बघितली. कडक होती. मग घोंगडं वर उचलून त्यात तोंड घातलं. सुकन्यानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"मेंढराचा वास हाय," मामा म्हणले.

रविराजनं सुस्कारा सोडला.

"पर माझ्या मेंढरांचा न्हाय. ही उसाचं वाढं खाणारी हायेत. माजी कधी उसात गेली न्हाईत."

झालं. सगळं मुसळ केरात. सुकन्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रविराज काही बोलायला निघाला, त्याला मी डोळ्यानं गप केलं. मामा अजून चाचपतच होते. एका हातानं लांबी मोजली, पुटपुटले, "आखूड हाय." मग बोट कोपऱ्याशी गेलं आन् भोकात शिरलं. तिथंच थांबलं. बोट भोकाच्या कडंनं फिरवलं त्यांनी, पुन्हा फिरवलं.

"हितं दोरा राहिलाय," म्हणले. "हे कुणी शिवलं?"

"मी," सुकन्या म्हणली.

"आन् उसवलं कुणी?"

"मीच, मामा."

"कशापाय?"

"तुम्हाला ओळखू यावं म्हणून. मी खरंच धुतलं होतं हो. मला माहीत नव्हतं धूत नाहीत ते. वास गेला म्हणून काल बानूबाईंच्या वाड्यात कोकरांखाली टाकलं होतं. खळपण आम्ही लावली. मला वाटलं, तुम्हाला कळणार नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. तोंड उघडू नगंस म्हणून सांगितलं होतं, तर बाईनं सगळं भांडंच पालथं केलं.

मामांचं बोट अजून भोकातच होतं. बाहेर कारखान्याचा आवाज चालू होता. मग त्यांच्या तोंडावर कायतरी हललं, आन् मला नीट कळायच्या आत ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. ऑपरेशन झाल्यावर हसूबी नगा, असं डॉक्टरनं सांगितलं होतं का ते मला आठवंना.

"कोकरांखाली," म्हणले. "धाकटे, लेंडी तेवढी झटकून आणायची." आन् घोंगड्याच्या घडीतनं एक लेंडी काढून त्यांनी जमिनीवर ठेवली.

मग हसायचे थांबले.

"घोंगडं इकणारा माणूस वास हुडकत रानात जात न्हाय," म्हणले. "हे माजंच हाय. वाटुळं केलंय त्याचं, पर माजंच हाय."

सुकन्या खाली बसली आन् तिनं त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तोंड दाराकडं होतं.

"झुंबर हाय का हितं?"

"हाय, तात्या," मालक म्हणले. चप्पल अजून एका पायात होती.

"मेंढरं इकली तवा माजी समजूत घालाय कुणी आलं न्हाय. लई लागलं मला ते. इकली त्याचं न्हाय. इकायचीच हुती. पर मी घरी आलो आन् वाडा रिकामा, आन् तू चहा प्या म्हणला मला."

मालकांनी दुसऱ्या पायातली चप्पल काढली. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा मान खाली घालतोय आन् पुढची दहा वर्सं आमी अशीच काढतोय. मी नुसतं त्यांच्याकडं बघितलं. माझ्या बघण्याला ते भ्यायचे, हे गावाला ठाऊक.

"माजं चुकलं, तात्या," ते म्हणले. "तुमच्या म्होरं उभं राहायची हिंमत न्हवती. सांगायला पायजे हुतं."

मामांनी घोंगडं पायावर ओढलं. आखूड होतं, पावलं उघडीच राहिली.

"पट्टी सुटली की मला बानूबाईच्या वाड्यावर न्यायचं," म्हणले. "उसातली का असंनात, बघायची हायेत मला."

"व्हय," मालक म्हणले. "मीच नेतो."

मग मामांनी मान मागं टाकली, भिंतीला टेकवली.

"धाकटे," म्हणले, "आण ते औषध."